वेलीवर घड नसताना: नाशिकच्या वाईनरीत उन्हाळ्याचे दोन दिवस

खोलीचं नाव ‘व्हिनयार्ड व्ह्यू’. त्या व्ह्यूसाठी रात्रीचे हजार रुपये जास्त. सामान टाकलं, पडदा बाजूला केला, तर समोर खांब, तारा आणि ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या तारेवर आडव्या बांधलेल्या जाड फांदीवर, फुटलेली वीतभर कोवळी पालवी. घड एकही नाही. माझी नणंद नागपूरहून दोन मुलांना घेऊन खास आली होती. ती काचेला नाक लावून म्हणाली, “वहिनी, द्राक्षं कुठे आहेत?”

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, जन्म द्राक्षाच्या बागेत गेला. एप्रिलच्या शेवटी वेलीवर द्राक्षं नसतात हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. तरी बुकिंगच्या वेळी मी गप्प बसले, कारण तारीख मुलांच्या परीक्षा, नवऱ्याची रजा आणि सासूबाईंचं गुडघ्याचं औषध यांनी ठरवली होती. ३० एप्रिल ते २ मे. पण त्या ठिकाणच्या जाहिरातीत आजही लगडलेले घड आहेत, टोपलीत नाचणारे पाय आहेत, आणि ‘वर्षभर द्राक्षबागेचा अनुभव’ असं लिहिलंय. फोनवर मी मुद्दाम विचारलं, “द्राक्षं तुडवायचा कार्यक्रम आत्ता असेल का?” पलीकडून उत्तर आलं, “मॅडम, इथे आल्यावर सगळं आहे.” आल्यावर कळलं, तो मार्चमध्येच संपतो. नाव लिहीत नाही. गंगापूर धरणाच्या बाजूला अशी बरीच ठिकाणं आहेत आणि उन्हाळ्यातली गोष्ट सगळीकडे साधारण हीच.

नाशिकचं चक्र युरोपच्या उलटं चालतं. तिकडे वर्षातून एकदा छाटणी, आणि ऑगस्ट-ऑक्टोबरात तोडणी. आपल्याकडे छाटण्या दोन. एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे जुनी काडी खरडून काढायची, ओलांड्यावर एखादा डोळा राखायचा. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, तिच्यावर फळ येतं, आणि जानेवारी ते मार्च तोडणी. म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत येणारा पाहुणा नेमका बाग भादरल्यावर येतो. घड बघायचे असतील तर फेब्रुवारीत या. तेव्हा गर्दी आणि दर दोन्ही चढलेले असतात, पण डोळ्यांचे पैसे फिटतात.

मग एप्रिल-मेमध्ये यावं का? यावं, पण काय बघायला आलोय हे कळून यावं.

पहिल्या दिवशी आम्ही दुपारी दोनला पोचलो. कसारा घाट चढून वर आलं की हवा बदलते हा माझा लहानपणापासूनचा समज त्या दिवशी खोटा ठरला. रिसेप्शनवर गाडीचा पारा ३९ दाखवत होता. नागपूरकर मंडळींना त्याचं काही वाटलं नाही. “याला ऊन म्हणतात का तुमच्याकडे?” असं म्हणत नणंदेने छत्रीसुद्धा उघडली नाही. सासूबाई मात्र सोफ्यावर बसल्या त्या बसल्याच. स्वागताला द्राक्षाचा रस आला, तो बाटलीतला, भलताच गोड. माठातलं पाणी मागितलं तर प्लॅस्टिकची बाटली आली. चेक-इनला चाळीस मिनिटं. खोली स्वच्छ, एसी चांगला, बाथरूममध्ये दुपारी गार पाण्याचा नळ सोडला तरी कढत पाणी, कारण टाकी गच्चीवर उन्हात. हे त्यांच्या हातात नाही असं ते म्हणाले. टाकीवर साधं शेडनेट ताणता येतं, आमच्या दादाने गोठ्यावर ताणलंय.

आता खरी गंमत. आमची वाईन टेस्टिंग १ मेच्या संध्याकाळची होती, पैसे आधीच भरलेले. पाच वाजता मी चहा मागायला गेले तर काउंटरवरचा मुलगा सहज बोलून गेला, “उद्या ड्राय डे आहे ना मॅडम, बार बंद.” महाराष्ट्र दिन! बुकिंग घेताना, पैसे घेताना, आदल्या दिवशी खात्री करणारा मेसेज पाठवताना हे कुणालाही सांगावंसं वाटलं नव्हतं. टूर होईल म्हणाले, टेस्टिंग नाही. पैसे? “ॲडजस्ट करू.” मी आवाज चढवणार तेवढ्यात नवरा मागून म्हणाला, “तू बँकेत आहेस. एक मेची सुट्टी तुला कुणी सांगायला हवी का?” त्यावर काय बोलणार. शेवटी त्याच संध्याकाळच्या साडेसहाच्या गटात आम्हाला बसवलं. तुम्ही जाणार असाल तर एक मे टाळा, आणि निवडणुकीचा हंगाम असेल तर मतदानाच्या तारखाही बघा.

घाईत झालेली ती टूर आमच्या सहलीतली सगळ्यात बरी गोष्ट निघाली, यालाही कारण ऊनच. बाहेर द्राक्षं उतरवायचा ओटा आणि क्रशर कोरडेठाक, धुऊन झाकून ठेवलेले. हंगामात इथे पहाटे ट्रॅक्टर येतात, कारण फळ गार असतानाच आत घ्यायचं असतं. आता तिथे एक कुत्रं झोपलं होतं. पण टाक्यांच्या हॉलमध्ये शिरलो आणि सगळ्यांनी एकदम ‘हाऽऽ’ केलं. दोन-दोन मजली उंच स्टीलच्या टाक्या, त्यांच्या पोटाभोवती थंडगार द्रव फिरवणारे पट्टे, आणि त्या पट्ट्यांवर पांढरं बर्फ धरलेलं. भाच्याने तळवा टेकवला, त्याचा ठसा उमटला. मग भाचीने टेकवला, मग मी. पांढऱ्या वाईनचा रस हळूहळू, गारव्यात आंबवावा लागतो, पंधरा अंशांच्या आसपास, नाहीतर वास उडून जातो, असं मार्गदर्शक मुलगी सांगत होती. ऐकत कुणी नव्हतं, सगळे टाकीला हात लावत होते. पुढच्या खोलीत ओकची पिंपं, मंद दिवे. तिथे सासूबाईंनी पदर सारखा केला, एका स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही जाऊन या काय प्यायचं ते पिऊन. मी इथेच थांबते.” मार्गदर्शक मुलीने नियम सांगायला तोंड उघडलं होतं, पण सासूबाईंकडे बघून मिटलं. त्या मुलीला माझ्याकडून पाच तारे.

टेस्टिंगमध्ये पाच प्रकार. शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या, गुलाबी रोजे, लाल शिराझ आणि शेवटी लेट हार्वेस्ट, म्हणजे वेलीवर जास्त पिकू दिलेल्या द्राक्षांची गोड वाईन. पेला फिरवा, हुंगा, जिभेवर घोळवा, हे सगळं झालं. सोव्हिन्योंला कसला वास येतो विचारल्यावर गटातल्या एकाने पुस्तकी उत्तर दिलं. नणंद म्हणाली, “कैरी फोडल्यावर सुऱ्याला येतो तो.” अगदी बरोबर. शेनिन सगळ्यांना आवडली, कडक उन्हाच्या दिवशी तीच प्यावी. तक्रार शिराझची. ती त्यांनी ‘रूम टेंपरेचर’ला दिली, आणि रूम होती निदान बत्तीस अंशांची, कारण टेस्टिंगची जागा गच्चीवर, सूर्यास्त दिसावा म्हणून. कोमट शिराझ म्हणजे सर्दीचा काढा. तोंड आवळून आलं, जांभळं खाल्ल्यावर येतं तसं. मी पेला बर्फाच्या बादलीत दहा मिनिटं ठेवायला सांगितला. वाढणाऱ्या मुलाने असं बघितलं की मी जणू वरणात साखर मागितली. पण गार झाल्यावर तीच शिराझ वेगळी लागली, मिऱ्याची चव वर आली. लाल वाईनच्या नावाने सांगतात ते खोलीचं तापमान थंड देशातल्या खोलीचं असतं, मे महिन्यातल्या नाशिकच्या गच्चीचं नव्हे. मुलांना पुन्हा तोच बाटलीतला रस.

सूर्यास्त मात्र पैसे वसूल. धरणाचं पाणी उतरून मागे गेलेलं, कडेला तडकलेली काळी माती, त्यापलीकडे डोंगरांच्या रांगा एकीमागे एक फिकट होत गेलेल्या. साडेसातला वारा सुटला आणि नऊला चक्क शाल लागली. ठाण्यात मे महिन्यात रात्री एकलाही घामोळं झोपू देत नाही. नाशिकचा उन्हाळा म्हणजे ही रात्र आणि पहाट. दुपार वाईट जाते, पण तो अकरा ते पाचचा खड्डा झोपून भरून काढता येतो.

पहाटेचं सांगते. सहाला मी एकटीच खाली उतरून बागेत गेले. फिरायची परवानगी आहे, फक्त औषध फवारलेल्या भागाला पट्टी बांधलेली असते तिकडे जायचं नाही. बायकांची टोळी कामावर आली होती, बहुतेक पेठ-सुरगाण्याकडच्या. विरळणी चालू होती. एका जागी तीन-चार फुटी, म्हणजे कोवळे कोंब, आल्या तर जोमदार ठेवायची, बाकीच्या अंगठ्याने मोडून काढायच्या. टक्, टक्, टक्, ओळभर एकाच तालात. मी न राहवून एक फूट मोडली तर शेजारची बाई म्हणाली, “ताई, ती नव्हती काढायची. ती ओलांड्याची होती.” वडिलांनी बारा वर्षांची असताना हेच ऐकवलं होतं, फक्त एवढ्या गोडीत नाही. मग तिने मला एक फूट धरून दाखवली, पानाच्या बगलेतला मोहरीएवढा डोळा. “घड हितंच बसतोय आता. दिसत नाही, पण बसतोय.” शेतकी पुस्तकातही हेच आहे. खरड छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत, उन्हाच्या जोरावर, डोळ्याच्या आत पुढच्या हंगामाचा घड आकार घेतो. त्या दिवसांत ढग राहिले की डोळे वांझ जातात आणि ऑक्टोबरात छाटून बघावं तर घडाच्या जागी नुसती बाळी, म्हणजे वेलीचा ताणा. म्हणजे ज्या उन्हाला आम्ही शिव्या घालत होतो त्याच उन्हाचं काम चाललं होतं.

हे त्या ठिकाणच्या कुठल्याही फलकावर नाही. हंगामाचे फोटो सगळीकडे, आणि प्रत्यक्ष समोर चाललंय त्याविषयी एक ओळ नाही. अर्धा तास एखाद्या मुकादमाला उभं करून पाहुण्यांना एक फूट मोडायला दिली असती तर भाच्याला तुडवायच्या टोपलीची आठवणही झाली नसती. मीच त्याला आठ वाजता उठवून नेलं. त्याने सतरा मोडल्या, त्यातल्या दोन चुकीच्या. त्या बाईने हसून माफ केल्या.

१९९७ साली ‘सुला’ वाईनरीच्या राजीव सामंतांनी गंगापूरच्या बाजूला वाईनची द्राक्षं लावली तेव्हा मी नाशकात कॉलेजला होते. आमचे वडील थॉमसन आणि सोनाकावाले, म्हणजे खायच्या बिनबियांच्या द्राक्षांचे. ते म्हणायचे, “खाताना बी दाताखाली येतं ती द्राक्षं लावायचीच कशाला?” सुलाची पहिली वाईन २०००मध्ये निघाली, २००१मध्ये राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आलं, आणि मग आमच्याकडेही वारं शिरलं. दादाने करारावर एकरभर शिराझ लावली. टपोरं फळ नको, बारीक मणी हवा, जाड साल हवी, गोडी बावीस-चोवीस ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) चढू द्या, हे सगळं त्याला उलटं शिकावं लागलं. २००८-०९च्या मंदीत वाईनचा साठा पडून राहिला, माल उचलणं थांबलं, आणि तालुक्यात बऱ्याच जणांनी ती बाग मुळासकट काढली. दादानेही काढली. त्या मोडीच्या काळातले दोन खांब अजून आमच्या कुंपणाला आहेत. गच्चीवर शिराझचा पेला हातात धरून मी हे नणंदेला सांगत होते तेव्हा शेजारच्या टेबलावरचे लोक सेल्फी काढायचे थांबून ऐकत होते.

बाकीच्या गोष्टी भराभर. तरणतलाव सकाळी सातला उत्तम, दुपारी उकळता, संध्याकाळी डीजे. डीजे रात्री अकराला बंद होतो असं म्हणतात. झाला पावणेबाराला. नाश्त्याला सगळं होतं, फक्त नाशिकचं काही नव्हतं. पास्ता होता. गंगापूर रोडवर मळ्यांतून मिसळीची ठिकाणं आहेत, चुलीवरची, सोबत पापड, दही आणि जिलबी. तिथे नऊच्या आत जा, झाडाखालची खाट मिळते. आम्ही दुसऱ्या दिवशी हॉटेलचा फुकटचा नाश्ता सोडून तिकडे गेलो. काळ्या मसाल्याचा रस्सा खाऊन नागपूरकर भाची पहिल्यांदा म्हणाली, “हां, हे तिखट आहे.” गंगापूर धरणावर एमटीडीसीचा बोट क्लब आहे, मुलांना तिथे संध्याकाळी न्यावं. रामशेज किल्ला आशेवाडीतून चढायला सोपा, तासाभराचा. याच एवढ्याशा किल्ल्याने १६८२पासून मुघलांना पाच वर्षांहून अधिक झुंजवलं. पण मेमध्ये साडेपाचला पायथ्याला असाल तरच. आम्ही साडेसातला पोचलो आणि निम्म्यातून परत फिरलो. उतरताना कातळ चपलेतून चटकत होता. पायथ्याशी एका आजीकडे पळसाच्या पानाच्या द्रोणात करवंदं मिळाली, दहा रुपयांना एक. चीक ओठांना दिवसभर.

१ मेचा कोरडा दिवस सासूबाईंच्या पथ्यावर पडला. दिंडोरीमार्गे वणीला गेलो. चैत्राची यात्रा उरकलेली, त्यामुळे गडावर दर्शन निवांत. २०१८पासून वर जायला फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, गुडघेवाल्यांना ती देवीच पावल्यासारखी. देवीसमोर त्या बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या. खाली आल्यावर म्हणाल्या, “काल पिंपांच्या खोलीत बसले होते ते सांगितलं तिला. लपवायचं कशाला.”

परतीच्या दिवशी वाट वाकडी करून पिंपळगाव बसवंतजवळ दादाच्या मित्राच्या बेदाण्याच्या शेडवर गेलो. खरं तर एप्रिलमध्ये या भागात येणाऱ्याने हे आधी बघावं, कारण हे फक्त याच दिवसांत बघायला मिळतं. मार्चच्या शेवटी विकायचा राहिलेला किंवा भाव पडल्याने थांबवलेला माल इथे येतो. लोखंडी सांगाड्यावर दहा-बारा थरांच्या जाळ्या, वर हिरवं शेडनेट, द्राक्षांवर डिपिंग ऑईल आणि पोटॅशियम कार्बोनेटची फवारणी, आणि मग फक्त वारा. दोन-तीन आठवड्यांत चार किलोंचा साधारण एक किलो होतो. शेवटची खेप चालू होती. खालच्या जाळीवर अजून द्राक्षं होती, वरच्या जाळीवर बेदाणा, आणि मधल्या थरांत दोन्हींच्या मधलं काहीतरी, सुरकुतायला लागलेलं, बोटाने दाबलं तर मऊ. भाच्याने तेच जास्त खाल्लं. आत गंधकाचा वास नाकात बसतो, दम्याचा त्रास असेल त्यांनी बाहेरूनच बघा. फी नाही, फलक नाही, कुणी सेल्फी काढायला सांगत नाही. फक्त ओळखीच्या कुणाला तरी आधी फोन करावा लागतो.

आता तारे. राहण्याला अडीच. टूरला साडेचार, त्यातला अर्धा त्या स्टुलाचा. टेस्टिंगला तीन, शिराझ गार दिली असती तर चार. एक मेच्या उरलेल्या पैशांचं ‘ॲडजस्ट’ म्हणजे निघताना एक बाटली, शेनिनची, बिलापेक्षा दीडशेची कमी. घेतली.

बाटली घेणाऱ्यांनी मात्र ऐका, ती डिकीत ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीची डिकी म्हणजे भट्टी. दोन वर्षांपूर्वी आमच्या अशाच एका बाटलीचं बूच फुगून वर आलं होतं आणि आतल्या वाईनला शिळ्या भाताच्या पेजेचा वास सुटला होता. या वेळी मी बाटली ओल्या पंच्यात गुंडाळली आणि पुढच्या सीटच्या पायाशी, एसीच्या झोतात ठेवली. पुढची सीट सासूबाईंची. कसाऱ्यापर्यंत त्यांनी दोन्ही पाय आवळून ती धरली होती. घाटातल्या पहिल्या वळणाला म्हणाल्या, “अगं, हळू चालवायला सांग त्याला. फुटली तर लोक म्हणतील म्हातारी पिऊन आली.”